घर, पाठशाळा आणि समाज
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यान)



मंदिराची वास्तू दानातून उभी राहते. परंतु उद्या त्या मंदिराची पायरी कोण चढणार, हे घराघरांत ठरत असते. म्हणूनच सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पुढील पन्नास वर्षांचा विचार बालकांपासून सुरू होणे उचित ठरेल.

अहिंसा, सत्य, अचौर्य, ब्रह्मचर्य आणि परिग्रहपरिमाण ही श्रावकाची पाच अणुव्रते पाठशाळेतील आठ वर्षांचे मूल सहज म्हणून दाखवते. त्याच संध्याकाळी दाराशी कोणी येतो आणि वडील त्या मुलाला आतून खुणावतात, ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग.’ सकाळचा पाठ तेथेच पुसला जातो. मूल ऐकलेले विसरते, पाहिलेले विसरत नाही.

या संदर्भात पुतळीबाई गांधी या वैष्णव मातेचे उदाहरण मननीय आहे. एका चातुर्मासात सूर्यदर्शनाशिवाय अन्न घ्यायचे नाही, असा त्यांचा नियम होता. पावसाळी दिवसांत मुले आकाशाकडे डोळे लावून उभी राहत आणि सूर्य दिसताच आईला हाक मारीत. ती बाहेर येईपर्यंत सूर्य ढगाआड गेलेला असे. माता प्रसन्न मुद्रेने पुन्हा कामाला लागे. व्रत म्हणजे काय, हे त्या मुलांना कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.

1888 मध्ये मोहनदास विलायतेला निघाले, तेव्हा या मातेने बेचरजी स्वामी या जैन साधूंचा सल्ला घेतला. स्वामींनी मोहनदासांना मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली आणि मातेने अनुमती दिली. त्याच वर्षी मुंबईतील त्यांच्या ज्ञातीने मात्र समुद्रप्रवासाच्या कारणावरून त्यांना बहिष्कृत केले. एकाने निघालेल्या मुलाच्या हाती व्रत दिले, दुसऱ्याने दार लावून घेतले. लंडनमध्ये आईच्या शब्दाखातर पाळलेला शाकाहार पुढे ग्रंथवाचनाने त्यांच्या स्वतःच्या विचाराचा झाला आणि तेथील शाकाहारी मंडळींच्या सहवासात दृढ झाला. घराने बीज पेरावे, समजुतीने ते रुजावे आणि समाजाने त्याला आधार द्यावा, असा हा क्रम आहे.

समाजाचे हे कर्तव्य सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत स्पष्ट सांगितले आहे. उपगूहन म्हणजे दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर न आणणे. स्थितीकरण म्हणजे डळमळणाऱ्याला धर्मात पुन्हा स्थिर करणे. वात्सल्य म्हणजे साधर्मिकांवर निर्व्याज प्रेम करणे. वसतिगृहात राहणाऱ्या एखाद्या मुलाचे रात्रिभोजन सुरू झाले, की त्याची चर्चा मंदिराच्या ओट्यावर होते. तो मुलगा पुढच्या सुटीत मंदिरात येत नाही. चर्चा करणाऱ्यांपैकी एकाने जरी त्याला सूर्यास्तापूर्वी घरी जेवायला बोलावले असते, तर स्थितीकरण घडले असते.

पर्युषण पर्वात बालकांच्या उपवासांचे सत्कार होतात. कौतुक जरूर व्हावे. पण सोळाकारण भावनांमध्ये ‘शक्तितस्तप’ ही भावना आहे, तिचे विस्मरण होऊ नये. तप शक्तीनुसार असावे. शेजारच्या मुलाशी स्पर्धा म्हणून किंवा पालकांच्या प्रतिष्ठेसाठी केलेल्या उपवासाने देह क्षीण होतो, कषाय मात्र क्षीण होत नाहीत.

महाराष्ट्रातील जैन समाजाला हा विचार नवा नाही. पूज्य समंतभद्र महाराजांच्या प्रेरणेने 1918 मध्ये कारंजा येथे आणि 1934 मध्ये कुंभोज-बाहुबली येथे गुरुकुले उभी राहिली. लौकिक शिक्षण आणि धर्माचरण एकाच दिनचर्येत असावे, ही त्यामागील दृष्टी होती. आज प्रत्येक मूल गुरुकुलात जाणार नाही. पण प्रत्येक घराला त्या दिनचर्येचा थोडा अंश स्वीकारता येईल.

त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. मुलाला पाठशाळेच्या दाराशी सोडून परतणाऱ्या पालकाने आठवड्यातून एक दिवस त्याच्या शेजारी बसावे. दिवसातून एक वेळ कुटुंबाने एकत्र बसून णमोकार मंत्र म्हणावा. मुलाने ‘असे का?’ विचारले, तर त्याला गप्प न करता उत्तर शोधावे. आणि समाजाने शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर गेलेल्या प्रत्येक तरुणाची नावानिशी विचारपूस ठेवावी.

संस्थेच्या शताब्दीचे यजमान आज पाठशाळेच्या सतरंजीवर बसले आहेत. ते मोठ्यांकडे पाहत आहेत.

जय जिनेंद्र!