माशांच्या गावातलं शाकाहारी ताट



ज्या शहरात मिरकरवाड्यासारखं मासेमारीचं बंदर आहे, तिथे शाकाहाराचा विषय कशाला, असं कोणालाही वाटेल. पण रत्नागिरीतल्या कितीतरी घरांत हा प्रश्न रोज चुलीपाशी उभा असतो. कोणी पंढरीची वारी करून तुळशीची माळ घालतं. कोणाला मुक्या जिवाची हत्या नकोशी होते. कोणी शिकायला बाहेरगावी जातं आणि तिथल्या शाकाहारी मेसचा डबा लावतं. मासे सोडायचं एका दिवसात ठरतं. जीभ, पोट आणि स्वयंपाकघर यांना मात्र त्याच्याशी जुळवून घ्यायला महिने लागतात. श्रेष्ठ काय, हा वाद आज बाजूला ठेवूया आणि त्या महिन्यांबद्दल बोलूया.

या बाबतीत एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बॅरिस्टर व्हायला लंडनला गेला. मांसाला शिवणार नाही, असं वचन त्यानं आईला दिलं होतं. वचन पाळलं जात होतं, पोट भरत नव्हतं. घरमालकिणीकडच्या बेचव उकडलेल्या भाज्या आणि मोजके पावाचे तुकडे, एवढ्यावर तो दिवस काढत होता. हिंडता हिंडता फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्याला एक शाकाहारी उपाहारगृह सापडलं. तिथेच त्यानं हेन्री सॉल्ट यांचं शाकाहारावरचं पुस्तक विकत घेतलं आणि इंग्लंडात आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवला. पुढे त्यानं एका खोलीचं बिऱ्हाड केलं, शेगडी घेतली आणि सकाळची ओटची लापशी, संध्याकाळचा कोको स्वतः करू लागला. घरून आलेले मसाले आणि मिठाईही सुटली. आत्मचरित्रात हे सगळं गांधीजींनी तपशिलानं लिहिलं आहे. आईला दिलेलं वचन त्याचं स्वतःचं मत झालं ते पुस्तकामुळे, आणि ते रोजच्या जगण्यात उतरलं ते शेगडीमुळे.

लंडनमधल्या त्या मुलापेक्षा कोकणातला माणूस फार सुदैवी आहे. इथे दरवर्षी सरावाचा मोसमच येतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्यानंतर अनेक घरं श्रावण पाळतात. ताजी मासळी दुरावते, तेव्हा काही घरं सुक्या बांगड्यावर भागवतात आणि काही घरं डोंगराकडे वळतात. पहिल्या पावसानंतर टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी, अळू बाजारात टोपल्यांनी येतात. त्याआधी उन्हाळ्यात फणसाची कुयरी आणि ओले काजूगर येऊन गेलेले असतात. नव्यानं शाकाहारी झालेल्या माणसाला पनीर आणि सोयाबीनच्या वड्यांपाशी अडकून राहायची गरज नाही. त्याची आजी यातलं निम्मं तरी रांधत आली आहे.

जिभेचं काय? मासे सोडणाऱ्याला सगळ्यात जास्त आठवतं ते कालवण. त्या कालवणात काय काय असतं ते पाहा. ओल्या नारळाचं वाटण, सुकी मिरची, आमसूल, तिरफळ. हे सगळं झाडावरचंच आहे. त्याच वाटणात शेवग्याच्या शेंगा घाला, बटाटा घाला, पावसाळ्यात ओळखीच्या माणसानं आणलेली खात्रीची अळंबी घाला. भाताशी ते कालवण मिसळलं की पहिले काही आठवडे सोपे जातात.

आणि कुळीथ! भाजलेल्या कुळथाचं पीठ घरात असलं की दहा मिनिटांत जेवण होतं. तेलात मोहरी, हिंग, लसूण, मिरची, हळद. त्यावर पाणी, मीठ आणि दोन आमसुलं. पीठ गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. ते ओतून ढवळत राहायचं आणि रटरटलं की उतरवायचं, झाली पिठी. सोबत गरम भात किंवा नाचणीची भाकरी. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तेवढ्याच नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम. भातात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं, ते डाळी-कडधान्यं भरून काढतात. पिठी-भात खाणाऱ्या पिढ्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण जोडी त्यांनी अचूक जमवली होती.

पोटाचीही काळजी घ्यावी लागते. एकदम रोज उसळी सुरू केल्या की पोट फुगतं आणि मग कडधान्यांनाच दोष मिळतो. कडधान्य रात्रभर भिजवावं, ते पाणी टाकून द्यावं, मोड आणावेत, फोडणीत हिंग घालावा आणि प्रमाण हळूहळू वाढवावं. पालेभाज्यांतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की ते शोषण वाढतं आणि जेवणाला लागून चहा घेतला की घटतं. बी-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशानं मिळत नाही. दूध, दही, ताक रोजच्या जेवणात हवं. जे दूधही घेत नाहीत किंवा ज्यांना सतत थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं. अभ्यासाच्या, वाढीच्या वयात ही हयगय महागात पडते.

आता थोडं मनातलं. घरात एकजण मासे सोडतो आणि काम वाढतं आईचं. एका शेगडीवर माशांचं कालवण, दुसरीकडे वेगळ्या भांड्यात वेगळी आमटी, वेगळी पळी, वेगळा तवा. निश्चय एकाचा आणि राबणं दुसऱ्याचं, असं कोकणातल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं चालत आलं आहे. ज्यानं आपलं ताट बदललं, त्यानं निदान स्वतःपुरती पिठी ढवळायला, वाल सोलायला, भाकरी थापायला शिकावं. मुलगा असो की मुलगी. बाहेरगावी खोली घेऊन राहाल, तेव्हा हेच शिकलेलं उपयोगी पडेल.

म्हणून महाविद्यालयाच्या विद्यार्थी प्रतिनिधींकडे एक मागणं आहे. पुढच्या स्नेहसंमेलनात पाककलेची एक स्पर्धा ठेवा. एक शेगडी, अर्धा तास, सगळं साहित्य रत्नागिरीच्या बाजारातलं आणि ताट पूर्ण शाकाहारी. त्यात मुलांची नावं मुलींइतकीच असू द्या आणि परीक्षक म्हणून तुमच्या आया-आज्यांना बोलवा.