साथीचा रोग, रोजगार आणि आपले गाव

(आगमन शताब्दी समारंभात दिलेले व्याख्यान)



आपल्या गावात पहिली मराठी घरे उभी राहिली त्याला आज १०० वर्षे झाली. त्याआधी आपले पूर्वज ऊसमळ्यांच्या कॅम्पांत राहत होते आणि त्याही आधी मुंबईहून जहाजाने येऊन पोर्ट लुईच्या घाटाच्या १६ पायऱ्या चढले होते. हा इतिहास आज माझ्यापेक्षा जाणकार वक्त्यांनी सांगितला आहे. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवणारी एक शिक्षिका आहे. मंडळाने मला सांगितले, "बाई, तुम्ही कोविडच्या काळाबद्दल बोला. मुलांना आतापासूनच ते आठवेनासे झाले आहे." म्हणून मी आज एकच प्रश्न घेऊन उभी आहे. साथ आली तेव्हा आपल्या गावाने ती किती गांभीर्याने घेतली? आणि साथीमागून आलेली तंगी आपण किती गांभीर्याने घेतली?

माझे उत्तर आधीच सांगते. रोग आपण फार गांभीर्याने घेतला. तंगी आपल्या ध्यानात उशिरा आली.

सुरुवात पूर्वजांपासून करू, कारण साथ ही या बेटाला नवी गोष्ट नाही. १८५४ आणि १८५६ साली येथे पटकीच्या साथी आल्या. जहाजांतून येणाऱ्या मजुरांना उत्तरेकडील फ्लॅट आयलंड आणि गॅब्रिएल आयलंड या छोट्या बेटांवर वेगळे ठेवत. १८५६ साली गॅब्रिएल बेटावर उतरवलेल्या शेकडो मजुरांपैकी कितीतरी जण पाणी, निवारा आणि औषध यांच्या अभावी तेथेच मेले. विलगीकरण हा शब्द आपण २०२० साली शिकलो असे आपल्याला वाटते, पण आपल्या माणसांनी तो फार आधी अंगावर घेतला होता.

त्यानंतर १८६६ ते १८६८ या काळात मलेरियाची मोठी साथ आली. १८६७ या एका वर्षात तापाने ३० हजारांहून अधिक माणसे गेली. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी पोर्ट लुई सोडले आणि ते क्युरपिपच्या थंड पठारावर राहायला गेले. मजूर कुठे जाणार? तो मळ्यातच राहिला. त्या काळी नियम असा होता की एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांची मजुरी कापायची. त्याला "डबल कट" म्हणत. अंगात ताप असतानाही माणूस कोयता घेऊन का जात असेल, ते या नियमावरून मुलांनाही कळते.

त्याच १८६७ साली सरकारने मजुरांसाठी नवा कायदा केला. करार संपलेल्या जुन्या मजुराने स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगायचा. परवाना नसेल किंवा कामाचा पुरावा देता आला नाही, तर त्याला भटक्या ठरवून पकडायचे. साथीने घरे मोडली होती, मळ्यांवर मंदी होती, आणि ज्याचे काम गेले तोच गुन्हेगार ठरत होता. यावर आपल्या लोकांनी काय केले? १८७१ साली आदोल्फ द प्लेवित्झ यांच्या मदतीने त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्या अर्जावर ९४०१ जुन्या मजुरांची नावे होती. पुढे इंग्लंडहून रॉयल कमिशन आले आणि त्याने मजुरांचे हाल लिहून काढले. मुलांनो, ९४०१ हा आकडा वहीत लिहून ठेवा. यांतल्या बहुतेकांना अक्षर येत नव्हते, तरी त्यांनी आपल्या तंगीची गोष्ट सरकारदरबारी नेली.

आता आपल्या काळाकडे येऊ. १८ मार्च २०२० च्या रात्री मॉरिशसमध्ये कोविडचे पहिले तीन रुग्ण सापडल्याचे जाहीर झाले आणि २० मार्चपासून टाळेबंदी आली. पुढच्या आठवड्यात दुकाने आणि बेकऱ्याही बंद झाल्या. २ एप्रिलपासून आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे खरेदीचे वार ठरले. ए ते एफ सोमवारी आणि गुरुवारी, जी ते एन मंगळवारी आणि शुक्रवारी, ओ ते झेड बुधवारी आणि शनिवारी. एका घरातून एकच माणूस, आणि दुकानात अर्धा तास. आपल्या गावाने हे सर्व पाळले. मंदिराला कुलूप लागले, गुढीपाडव्याला प्रत्येकाने आपल्या दारातच गुढी उभारली, ठरलेली लग्ने पुढे गेली. मयताला जाता आले नाही याचे दुःख अनेकांच्या मनात अजून आहे. पहिल्या लाटेत देशात १० माणसे दगावली आणि एप्रिलच्या अखेरीस नवे रुग्ण मिळणे जवळजवळ थांबले. एवढे यश फक्त पोलिसांच्या भीतीने येत नाही. लोकांनी मनापासून साथ दिली म्हणून ते आले.

पण घरी बसणे सर्वांना सारखे नव्हते. मला सरकारी पगार होता. महिना संपला की तो बँकेत जमा होत होता. माझ्या गल्लीत हॉटेलात काम करणारे होते, टॅक्सी चालवणारे होते, लोकांच्या घरी धुणी-भांडी करणाऱ्या काकी होत्या, मासे आणि भाजी विकणारे होते. सरकारने मदत दिली हे सांगितलेच पाहिजे. पगारासाठी मालकांना सहाय्य मिळाले, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांना पहिल्या महिन्यासाठी ५१०० रुपये मिळाले. परंतु ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नव्हते, ज्यांना मालक रोजच्या रोज हातात पैसे देत होता, त्यांना अर्ज कसा भरायचा हेही कळत नव्हते.

आणि टाळेबंदी उठली म्हणून रोजगार परत आला नाही. २०१९ साली या बेटावर १३ लाख ८० हजारांच्या आसपास पर्यटक आले होते. २०२१ साली ते १ लाख ८० हजारांच्या आसपास आले. सीमा पूर्ण उघडल्या त्या १ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे दीड वर्षाने. आपल्या किनाऱ्यावरच्या घरांत या आकड्यांचा अर्थ काय होता? मूळ पगार मिळाला तरी बक्षिसी गेली, जादा तास गेले, आणि घराचे कर्ज तेवढेच राहिले.

२०२० च्या ऑगस्टमध्ये वाकाशिओ जहाजाचे तेल समुद्रात सांडले तेव्हा काय झाले ते आठवा. दोन दिवसांत गावोगावचे लोक माहेबूरला धावले. उसाचे पाचट भरून कापडी नळ्या शिवल्या आणि तेल अडवले. आपल्या मंडळाची तरुण मुलेही गेली होती. काळे पाणी डोळ्यांना दिसत होते, म्हणून कोणालाही बोलवावे लागले नाही. शेजारच्या घरातली चूल दोन वेळांऐवजी एकदाच पेटते आहे, हे मात्र दिसत नाही.

आपल्याला ते कसे कळले? दुकानदारामुळे. उधारीची वही, जिला आपण कार्ने म्हणतो, ती आपल्या आजोबांच्या कॅम्पातल्या दुकानापासून चालत आली आहे. जूनमध्ये आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराने मंडळाच्या सचिवांना सांगितले, "कधीही उधार न घेणारी घरे आता कार्ने मागत आहेत, आणि मलाही आता घाऊक व्यापारी उधार देत नाही."

तेव्हा मंडळाची बैठक झाली. सभागृहाच्या नव्या छपरासाठी वर्गणी जमवलेली होती. काही जण म्हणाले, त्यातून धान्य घ्या. काही जण म्हणाले, देवाच्या नावाने दिलेल्या पैशाला हात लावू नका, लोकांचा विश्वास उडेल. दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे होती. शेवटी निम्मी रक्कम उसनी म्हणून काढायची आणि लेखी हिशोब ठेवायचा असे ठरले. पहिल्या वेळी धान्याच्या पिशव्या सभागृहात वाटल्या आणि फोटो काढले. यादीतली निम्मी घरेसुद्धा आली नाहीत. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याला वाढले, तिला फोटोत पिशवी धरून उभे राहणे जमणार नव्हते. मग एका आजींनी सुचवले की पैसे दुकानात भरा. मंडळाने दुकानदाराकडे रक्कम दिली, त्याने वहीतली थकबाकी कमी केली, आणि कोणाची किती ते त्याने कोणालाही सांगितले नाही. त्यामुळे दुकानही उघडे राहिले. सभागृहाचे छप्पर दोन वर्षे उशिरा झाले. दोन पावसाळे ते गळले आणि आपण बादल्या ठेवून भजने केली. मला त्या बादल्यांचा अभिमान वाटतो.

मुलांविषयीही बोलले पाहिजे. शाळा बंद होत्या तेव्हा दूरदर्शनवर धडे लागत होते. पण तीन भावंडांत एक फोन असेल आणि तो घेऊन वडील कामाच्या शोधात बाहेर गेले असतील, तर गृहपाठ कसा पोहोचणार? शाळा पुन्हा भरल्या तेव्हा कोण मागे पडले हे मला पहिल्याच आठवड्यात दिसले. ती हुशार मुले होती. ज्या घरांची कार्ने वाढली होती, बहुतेक त्याच घरांतली. तंगीची यादी शिक्षिकेकडेही असते, पण ती तिला कोणी विचारत नाही.

२०२१ च्या अखेरीस आलेल्या लाटेत आपण पहिल्यापेक्षा पुष्कळ अधिक माणसे गमावली. लोक बेफिकीर झाले, असे म्हणणे सोपे आहे. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. परंतु दीड वर्ष कमाई नसलेल्या माणसाला नुकतेच काम परत मिळाले होते. खोकला आला म्हणून घरी राहिलो तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही भीती त्याच्या मनात होती. डबल कट कायद्यातून कधीच गेला, पण आजारी पडण्याची ती जुनी भीती अजून आपल्यात आहे. म्हणून मला वाटते, चुलीची काळजी घेतली तरच गाव रोगालाही शेवटपर्यंत गांभीर्याने घेऊ शकते.

तर शताब्दीच्या निमित्ताने मी मंडळासमोर तीन साध्या सूचना ठेवते.

पहिली, वार्षिक वर्गणीतला दहावा हिस्सा वेगळ्या खात्यात ठेवावा. तो सणाला वापरायचा नाही आणि छपरालाही नाही. दुसरी, प्रत्येक गल्लीत एका घराने आठ-दहा घरांची विचारपूस करण्याची जबाबदारी घ्यावी. एकटे राहणारे वृद्ध, रोजंदारीवर काम करणारे, घरी फोन नसलेली मुले यांची माहिती त्यांच्याकडे असावी आणि ती गुप्त राहावी. तरुणांनी अर्ज भरून देण्याचे काम घ्यावे. सरकारी मदत असूनही ती कागदाअभावी मिळाली नाही, असे पुन्हा होऊ नये. तिसरी, २०२० आणि २०२१ मध्ये आपल्या गावात काय घडले ते लिहून ठेवावे. आपल्या पणजोबांनी मलेरियाच्या दिवसांत काय खाल्ले, कोणी कोणाला सांभाळले, हे आपल्याला माहीत नाही, कारण ते लिहायला कोणाला फुरसत नव्हती. आपल्याला आहे. सहावीच्या मुलांनी घरातल्या मोठ्यांना विचारून एक-एक पान मराठीत लिहावे. त्या वह्या तपासण्याचे काम मी आनंदाने करीन.

हे गाव एकमेकांच्या आधाराने उभे राहिले. दिवसभर मळ्यात राबून संध्याकाळी बैठकेत आपल्या लोकांनी मुलांना अक्षरे शिकवली, आणि अडीनडीला एकमेकांना सांभाळले. तीच बैठका आज मंडळ झाली आहे. पुढची साथ केव्हा येईल ते डॉक्टर सांगतील. त्या दिवशी आपल्या खात्यात काय असेल आणि आपल्या यादीत कोण असेल, ते मात्र या सभागृहातच ठरणार आहे.