बरे वाटणे आणि बरे होणे



विशेष मुलांच्या वर्गावर शिकविणारी एखादी शिक्षिका क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. सदऱ्याचे बटण लावण्यास ज्या मुलाला महिनोन्‌महिने लागतात, त्याला ती सारी कृती एकदम शिकवीत नाही. बटण काजात ती स्वतः घालते. ते पलीकडून ओढून घेण्याचे काम तेवढे मुलावर सोपविते. ते साधले म्हणजे एक पायरी मागे येते. स्पर्श, धीर आणि सराव हीच तिची साधने होत.

अशा शिक्षिकेस एके दिवशी स्तनात गाठ लागते. गाठ दुखत नाही, म्हणून काही आठवडे दुर्लक्ष होते. पुढे तपासणीत ती कर्करोगाची ठरते. मग भय येते आणि भयापाठोपाठ सल्ले येतात. घरची वडील माणसे देवाचे नाव घेण्यास सांगतात. शेजारीण रेकी करणाऱ्या बाईंचा पत्ता देते. रेकी ही पद्धती जपानातील मिकाओ उसुई यांनी १९२२ च्या सुमारास सुरू केली. रोग्याच्या अंगावर हलके हात ठेवून प्राणशक्ती त्याच्या देहात उतरविता येते, असा तिच्या अनुयायांचा दावा आहे.

शिक्षिका तेथे जाते. शांत खोली, मायेचा हात, कोणाचे तरी संपूर्ण अवधान. त्या रात्री तिला झोप लागते. पहाटेच्या प्रार्थनेने मन स्थिरावते. हे बरे वाटणे खोटे म्हणावयाचे काय? मुळीच नाही. जिने स्पर्शाने शेकडो मुलांना धीर दिला, तिला स्पर्शातून धीर लाभला तर त्यात नवल ते कोणते?

तथापि बरे वाटणे निराळे आणि बरे होणे निराळे. हा भेद एका शाळकरी मुलीने चांगला तपासून पाहिला आहे. हातातून शक्ती जाणवते असे मानणारी स्पर्शोपचाराची एक पद्धती अमेरिकेतही रूढ होती. तेथील एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने १९९६ साली शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक साधा प्रयोग योजिला. मध्ये पुठ्ठ्याचा आडपडदा ठेवला. उपचारकांनी त्यातून दोन्ही हात पुढे करावयाचे. मुलीने नाणे उडवून ठरविलेल्या एका हातावर आपला हात धरावयाचा. आणि तो कोणत्या हातावर आहे, हे त्यांनी ओळखावयाचे. दोन वर्षांत २१ उपचारकांनी २८० वेळा प्रयत्न केला. नुसत्या अंदाजानेही १४० च्या आसपास उत्तरे बरोबर यावीत. ती आली १२३. हा प्रयोग १९९८ साली तेथील एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, शरीरात अन्यत्र न पसरलेल्या कर्करोगाच्या रोग्यांची तुलना केली होती. प्रचलित उपचार सोडून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला; स्तनांच्या कर्करोगात तो पाच पटींहून अधिक होता.

म्हणून शहाणी शिक्षिका देवाचे नाव सोडीत नाही आणि रुग्णालयाची तारीखही चुकवीत नाही. दर २१ दिवसांनी औषध घ्यावयाचे असते. अंगातले त्राण जाते, केस गळतात. अशा वेळी ती आपल्याच वर्गातला धडा आठवते. सारी वाट एकदम मोजावयाची नाही. पुढची एक पायरी तेवढी चढावयाची. श्रद्धा तिला त्या पायरीपर्यंत नेते. गाठीवरचे काम शस्त्रक्रिया, औषधे आणि किरण करतात.

खेड्यात अशा प्रसंगी पुष्कळदा गुरुजींना किंवा बाईंना आधी विचारले जाते. विचारणाऱ्याच्या अंगाऱ्याची वा नवसाची थट्टा करू नये. थट्टेने माणूस दुरावतो आणि पुढे काही सांगेनासा होतो. न दुखणारी गाठही लगेच दाखवावी, हे पालकसभेत स्पष्ट सांगावे. आणि कोणी उपचारक “औषध थांबवा” म्हणेल, तेथे मात्र शिक्षकाने गप्प राहू नये. वेळ पडल्यास रोग्याबरोबर एसटीत बसून रुग्णालयाच्या दारापर्यंत जावे. त्याला मिळालेला तो धीरही मायेच्या स्पर्शाहून कमी नसतो.