मरळीचा बेडूक खाडीत



धरणा-तलावांवर मरळ गरवणारी मंडळी सुट्टीत कोकणात उतरली की एकच विचारतात: आमच्या पेटीतली आमिषं खाडीत चालतात का? बेलाशक चालतात. खाऱ्या पाण्याची म्हणून वेगळी, दामदुप्पट पेटी घ्यायची काही गरज नाही.

मुळात मासाच दोन्हीकडचा. जिताड्याची वीण खाडीच्या मुखाशी, पण पिल्लं चढत चढत थेट गोड्या पाण्यात जातात. तांबोशीही लहानपणी खाडीच्या वरच्या अंगालाच असते. दोघांनाही लंगडत, डुलत चाललेलं बारकं मासळं दिसलं की राहवत नाही. फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी १९३६ साली बूच तासून, वर चॉकलेटची चांदी गुंडाळून मासा केला, तो अशा डुलण्यासाठीच. केला तळ्यातल्या माशांसाठी. आज त्याच घडणीची आमिषं समुद्रातही फिरतात.

मरळीचा पोकळ रबरी बेडूक तर तिवरांसाठीच केला असावा असं वाटतं. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून असतात. भरतीचं पाणी झाडीत शिरलं की तो मुळ्यांवरून सरकत येतो, अडकत नाही. माशाने चावला की अंग चेपतं आणि गळ उघडे पडतात. मात्र तांबोशी लागली की तडक मुळ्यांत घुसते, आणि मुळ्यांवरची कालवं दोर सुरीसारखी कापतात. म्हणून पुढे हातभर जाड तंगूस बांधा. आणि तिला उसंत देऊ नका, लगेच ओढा.

खरी अडचण लोखंडाची. तळ्यातल्या आमिषांचे तीनकाटी गळ बारीक तारेचे. खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात, आणि मोठा जिताडा ते सरळ करून टाकतो. ते काढून जाड, कल्हईचे बसवा. जोडकड्याही बदला. यात एक फायदा आपसूक होतो. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड, त्यामुळे तळ्यात अधांतरी थांबणारं दहा ग्रॅमचं आमिष इथे हळूहळू वर येतं. फरक पाव ग्रॅमचाच, तो जाड गळांच्या वजनात बहुतेक भरून निघतो. खाडीच्या वरच्या टोकाला, त्यातून पावसाळ्यात, पाणी जवळजवळ गोडंच असतं; तिथे तेच आमिष बुडेलही. तेव्हा आधी पायाशी सोडून बघा, मग लांब फेका.

घरी आल्यावर सगळं गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. ओलं आमिष तसंच पेटीत टाकलंत तर शेजारच्या गळांनाही तांबेरा चढतो.

आणि चिमटा विसरू नका. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड पात्यासारखी असते. तीनकाटी गळ तोंडात असताना तो उसळला, की आधी बोटं फाटतात.