भरून आणलेल्या अल्टरनेटरची परीक्षा

आज मोटारीच्या अल्टरनेटरविषयी चार गोष्टी सांगणार आहे. कोणी म्हणेल, आमच्या दारी मोटार नाही, आम्हांला काय त्याचे? पण गावाहून तालुक्याला जाणारी जीप, भाजीचा टेंपो, आजारी माणसाला नेणारी गाडी, ह्या सर्वांच्या पोटात हे यंत्र असते. अडल्या रात्री आपला जीव त्याच्यावर असतो.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. राजमाचीच्या पायथ्याला, उल्हास नदीच्या खोऱ्यात आमचे कोंडाणे. लेण्यांमुळे हे नाव पुष्कळांना ठाऊक आहे. तिथून एका जीपवाल्या भाऊने एका बाळंतिणीला रात्री कर्जतला न्यायला घेतले. पाऊस कोसळत होता. दिवे चालू, वायपर चालू, आतला पंखा चालू. अर्ध्या वाटेवर दिवे पिवळे पडले, वायपर रेंगाळू लागला. जुने डिझेल इंजिन म्हणून बंद पडले नाही, एवढेच नशीब. बाळंतिणीच्या दिराने खिडकीतून हात बाहेर काढून विजेरी धरली आणि त्या उजेडात गाडी कशीबशी पोचली. बाई सुखरूप बाळंत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या दुकानी आला. म्हणाला, "काका, डायनामो पंधरा दिवसांपूर्वीच भरून आणलाय. काल रात्रीनंतर पुन्हा दाखवला, तर म्हणतात मीटरवर चौदा व्होल्ट दिसतात, डायनामो ठीक आहे, बॅटरी बदला. आता बॅटरीला पैसे कुठून आणू?"

आपल्याकडे अल्टरनेटरला अजून डायनामोच म्हणतात. काम दोघांचे एकच, इंजिनाच्या जोरावर वीज करायची. फॅराडेने १८३१ साली दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक फिरला की तारेत वीज उत्पन्न होते. त्याच तत्त्वावर १९१५ साली खोपोलीचे आणि १९२२ साली भिवपुरीचे वीजघर सुरू झाले. तिथे डोंगरावरून येणारे पाणी चाक फिरवते, इथे इंजिनाचा पट्टा फिरवतो. अल्टरनेटरमध्ये मधला रोटर फिरतो, भोवतालच्या स्टेटरच्या तीन वेटोळ्यांत उलटसुलट वाहणारी वीज तयार होते. बॅटरीला मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज लागते. ती दिशा लावून देण्याचे काम सहा डायोड करतात. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारे दार म्हणा ना. आणि वीज किती चढू द्यायची, हे रेग्युलेटर ठरवतो.

आता तपासणी. प्रथम पट्टा पाहिला. सैल नव्हता, गुळगुळीतही झाला नव्हता. मग बॅटरी चार्जरवर लावली. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर केलेली परीक्षा फसवी असते. संध्याकाळी बॅटरी उतरवून थोडा वेळ तशीच ठेवली आणि मीटर लावला. १२.६ व्होल्ट. भरलेली चांगली बॅटरी एवढेच दाखवते.

गाडी सुरू केली, बाकी सर्व बंद. मीटर १४.१. साधारण १३.८ ते १४.५ हवेत. भाऊ म्हणाला, "बघा, ठीकच आहे की!" मी म्हटले, "थांब. रिकामी गाडी कोणताही बैल ओढतो. पोती भरून पाहू."

मोठे दिवे लावले, वायपर लावला, पंखा लावला, इंजिनाचा वेग थोडा वाढवून धरला. मीटर खाली सरकत सरकत १२.४ वर आला. म्हणजे सगळे ओझे एकटी बॅटरी वाहत होती, अल्टरनेटर नुसता हजेरी लावत होता. दोन मोठ्या दिव्यांचे मिळून १२० वॅट धरले, तर बारा व्होल्टला १० अँपिअर झाले. बाकीचे धरून २० म्हणा. ६० अँपिअर-तासांची बॅटरी हिशेबाने तीन तास पुरेल, प्रत्यक्षात त्याच्या आधीच दिवे मंदावतात.

तरीही अल्टरनेटरला लगेच दोषी ठरवू नये. वीज वाटेतही हरवते. ओझे तसेच ठेवून अल्टरनेटरच्या जाड तारेचे टोक आणि बॅटरीचे धन टोक यांमध्ये मीटर लावला. ०.१५ व्होल्ट. मग अल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक. ०.१ व्होल्ट. दोन्ही ठिकाणी फरक कमी, म्हणजे तारा चांगल्या. भरून आणलेल्या अल्टरनेटरला पुष्कळदा नवा रंग मारलेला असतो. तो रंग बसवणीच्या जागी राहिला, तर अर्थ नीट मिळत नाही. अशा वेळी दुसरा आकडा बराच वाढतो, आणि थोडा कानस कागद घासला की काम होते. इथे तसे नव्हते.

आता शेवटची परीक्षा. मीटर एसीवर फिरवून बॅटरीच्याच दोन टोकांना लावला. तिथे एसी वीज जवळजवळ दिसूच नये. अर्ध्या व्होल्टच्या वर गेली की डायोडांच्या बाजूला दोष आहे असे समजावे. इथे १.२ दिसले. बॅटरीची ऋण तार सोडून अल्टरनेटर उतरवला, उघडला. स्टेटरचे एक टोक डायोडच्या प्लेटला नीट डाखलेलेच नव्हते. मसुराएवढा डाख वरून चकचकीत, आतून सुटलेला. तीन वेटोळ्यांपैकी एकाची वीज बाहेरच येत नव्हती. ओझे नसताना उरलेली दोन चौदा व्होल्ट दाखवत, ओझे आले की गुडघे टेकत. डाख पुन्हा घातला, गाडीवर बसवून सर्व दिवे लावले, मीटर १३.९ वर ठाम. बॅटरी जुनीच राहिली.

ज्याने अल्टरनेटर भरला त्याने खोटे सांगितले, असे मी म्हणणार नाही. त्याच्या मीटरवर चौदा दिसलेच असतील. चुकले एवढेच की, ओझ्याशिवाय पाहिले.

म्हणून भरलेला अल्टरनेटर घेताना काय काय बदलले ते विचारा. बेअरिंग, कार्बन ब्रश, डायोड प्लेट, रेग्युलेटर? कागदावर लिहून घ्या. गाडीवर बसवून, दिवे लावून, मीटर दाखवा म्हणा. लाजू नका. बॅटरी रातोरात उतरत असेल, तर डायोड गळका असू शकतो. त्याचीही तपासणी मागा. एक गोष्ट मात्र कधीही करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्ज होते का" पाहू नका. जुन्या डायनामोच्या दिवसांतली ही खोड आहे. आता त्याने व्होल्ट उसळून डायोड आणि गाडीतली इतर यंत्रे जळतात. फिरत्या पट्ट्याजवळ पदर, उपरणे, सैल बाही नेऊ नका. अगदी नव्या गाड्यांत संगणक व्होल्ट कमीजास्त करतो, तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेत दिव्याचा डायनामो असलेली जुनी सायकल मिळाली, तर ती उलटी उभी करा. दिव्याची तार काढून मुलांना हाताने चाक फिरवू द्या. मग तार जोडून फिरवू द्या. दिवा पेटताच चाक जड होते. ते जडपण मुलांच्या हाताला कळले की, ओझे म्हणजे काय, हे फळ्यावर लिहावे लागणार नाही.

भाऊची जीप आजही कोंडाणे-कर्जत धावते. परवा त्यातून ती बाई लेकराला डोस पाजायला घेऊन गेली. भाऊने मुद्दाम दुकानापुढे गाडी थांबवली, भर दुपारी मोठे दिवे लावून दाखवले, आणि हसत पुढे गेला.

बरं तर मंडळी, येतो. नमस्कार.