एका आकड्याची भीती



आमच्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. गेल्या पावसाळ्यात तिचा चेहरा सुजला, अंगात त्राण राहिले नाही. तालुक्याच्या गावी रक्त तपासले. कागदावर 'क्रिएटिनिन १.६' असा आकडा आला, आणि 'किडनी गेली' असे कुणीतरी बोलून गेले. झाले! दाजींनी विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकायला काढला. मी काही डॉक्टर नव्हे, कॉलेजात शिकवणारा माणूस. पण अक्काबरोबर जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे गेलो आणि जे समजून घेतले, ते आज तुम्हांला सांगतो.

क्रिएटिनिन म्हणजे काय? आपल्या स्नायूंत रोज थोडा थोडा तयार होणारा कचरा. मूत्रपिंडे तो रक्तातून गाळून लघवीवाटे टाकतात. दिवसाकाठी ती सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक परत रक्तात घेतात. गाळण मंदावली की कचरा साठतो, आकडा चढतो. मोठ्या माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात साधारण ०.६ ते १.२ मिलिग्रॅम क्रिएटिनिन ठीक समजतात.

मग चढला आकडा की मूत्रपिंड बिघडलेच का? तसे नाही. विहिरीवरचा पंप मंद चालला तर पाटाला पाणी कमी येते. त्यात पाटाचा काय दोष? आपल्या गळ्यात थायरॉइड नावाची ग्रंथी आहे. तिचा रस, म्हणजे संप्रेरक, रक्तातून साऱ्या शरीराला निरोप पोचवतो. तो कमी पडला की हृदयाचे काम मंदावते, मूत्रपिंडांकडे रक्त कमी जाते, गाळण उतरते आणि क्रिएटिनिन वाढते. अक्काला सदा थंडी वाजे, कातडी कोरडी पडलेली, आवाज घोगरा. डॉक्टरांनी हे पाहून थायरॉइड तपासले. दोष तिथेच निघाला. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. पाच महिन्यांनी आकडा १.० वर आला. जमीन घरातच राहिली.

आता उलट बाजू ऐका. बाई गरोदर असली की संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात आणि मूत्रपिंडे जवळजवळ दीडपट गाळतात. तिचे क्रिएटिनिन ०.४ ते ०.८ पर्यंत उतरते. म्हणून एरवी चांगला वाटणारा १.० हा आकडा तिच्या बाबतीत इशारा असू शकतो. कागदावर तांबडी खूण नसेल, घरची माणसे म्हणतील, "सगळे ठीक आहे." तरी विचारा. रक्तदाब, लघवी तपासून घ्या.

मात्र एक ध्यानात ठेवा. वाढलेल्या प्रत्येक आकड्यामागे थायरॉइड नसते. मधुमेह आणि रक्तदाब हीच मूत्रपिंड बिघडण्याची मोठी कारणे. तेव्हा अक्काची गोष्ट ऐकून कुणी औषधोपचार टाळू नये, आणि थायरॉइडची गोळी आपल्या मनाने घेऊ नये वा सोडू नये.

गुरुजी, गावात लोक रिपोर्टाचा कागद वाचायला तुमच्याकडेच आणतात. तो हाती आला की आकड्यावरून निकाल देऊ नका. त्यांना एवढेच सांगा, "डॉक्टरांना विचारा, हा आकडा कशामुळे चढला? थायरॉइड पाहिले का?" दोन प्रश्नच, पण एखाद्या घरची जमीन वाचेल, एखाद्या घरची लेक वाचेल.