तीन प्रतींचा हिशेब



"तू कॉम्प्युटरमध्ये नक्की करतेस काय?" असं कालपासून नऊ जणांनी विचारलंय. तर एकदाच सांगते.

तुमचे फोटो एकाच यंत्रावर नसतात. हजारो यंत्रं असली की कुठली ना कुठली डिस्क सारखी बंद पडतच असते. त्यावर सरळ उपाय म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, तीन वेगळ्या यंत्रांवर. दोन गेल्या तरी एक उरते. पण खर्चही तिप्पट.

हा खर्च कमी करायची युक्ती आपल्या बीजगणितात आहे. क्ष आणि य जपायचे आहेत. सोबत क्ष + य आणि क्ष + २य एवढंच ठेवा. चारांपैकी कुठलेही दोन हरवू द्या, उरलेल्या दोनांवरून सगळं परत मिळतं. तीन प्रतींना सहा जागा लागल्या असत्या, इथे चार. (एकसामयिक समीकरणं पुढे कशाला लागणार, असं बाईंना विचारणारी मीच होते. बाई, माफ करा.) रीड आणि सॉलोमन यांनी १९६० मध्ये हेच तत्त्व पक्कं मांडलं. हडूपच्या २०१७ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आलं: माहितीचे सहा भाग, तीन जादा. कुठलेही तीन गेले तरी चालतं, आणि साठवण फक्त दीडपट.

मी ते आमच्याकडे आणलं, खर्च निम्मा झाला, कौतुकही झालं. मग एका रात्री एक यंत्र गेलं. प्रत असती तर एक तुकडा वाचून एक लिहायचा. इथे हरवलेल्या प्रत्येक तुकड्यासाठी सहा वाचावे लागतात. दुरुस्तीनेच नेटवर्क तुंबलं, ग्राहकांची पानं उघडेनात. पहाटे तीनला मी दुरुस्तीचा वेग कमी केला. पण दुरुस्ती रेंगाळली की तेवढ्यात आणखी डिस्क जायची भीती. सकाळपर्यंत एक गेलीच. माहिती वाचली, झोप मात्र पुढे कितीतरी दिवस लागली नाही. डिस्कचा हिशेब मी केला होता, दुरुस्तीचा केलाच नव्हता.

मायक्रोसॉफ्टच्या अझूरवाल्यांनी २०१२ मध्ये यावर छान तोड मांडली होती. बारा भागांचे सहा-सहाचे दोन गट, प्रत्येक गटाला स्वतःचा एक जादा भाग, शिवाय सगळ्यांचे मिळून दोन. एक भाग गेला तर बाराऐवजी सहाच वाचायचे, आणि साठवण साधारण १.३३ पट. मी ते आधी वाचायला हवं होतं.

आता सतत लागणारी माहिती आम्ही तीन प्रतींतच ठेवतो. महिनोन् महिने कुणी न विचारलेली समीकरणांत जाते. आपल्या सहलीचे फोटो कुठल्या ढिगात असतील, ते तुम्हीच ओळखा.